पान एकशे बारा

कटकच्या कोर्टात रुजू झाले त्या दिवशी
निराकार पृष्टीबाबूंनी आधी पेन दाखवलं, मग खुर्ची.
निळी शाई नको. काळी.
खाडाखोड तर नकोच.
चुकलं तर एकच आडवी रेघ, तीही अशी
की खालची चूक वाचता आली पाहिजे.
वर बरोबर लिही, शेजारी सही कर.
लपवलेली चूक पिल्लं घालते, म्हणाले
आणि पानाचा डबा उघडला.

अर्जांची वही वेगळी,
बुडालेल्या कंपन्यांची वेगळी.
हिच्यात प्रत्येकीला एक पान:
अर्ज कोणाचा, कधीचा, जाहिरात कुठल्या पेपरात,
हुकूम, लिक्विडेटरचा ताबा, धनकोंची यादी,
आणि अगदी कडेला, शेऱ्याच्या आधी,
विसर्जनाची तारीख.
तो रकाना बहुतेक पानांवर कोरा.
माणूस एका श्वासाच्या तुटीने मरतो,
कंपनीला मरायला कागद पुरे व्हावे लागतात.

पान एकशे बारा. बैतरणी ग्लास वर्क्स.
आमच्याकडे ही खरीच नदी आहे,
तिच्यावर पूल आहे, पुलावरून जाजपूरची बस जाते.
तरी नाव ठेवणाऱ्याने जरा विचार करायचा.
भट्टी विझली सत्याऐंशीत, माझ्या जन्माआधी.
कामगारांचे दावे तीनशे एकोणीस.
दोनशे सहावा: सनातन मुदुली, काच फुंकणारा, मयत.
चार हजार तीनशे बारा रुपये, साठ पैसे.

उन्हाळी सुट्टी संपून कोर्ट उघडलं
की त्याची बायको हारा यायची.
पैशांचं विचारायची नाही.
विचारायची, नाव आहे ना अजून?
पृष्टीबाबू वही काढायचे, ओळीवर बोट ठेवायचे.
तिला अक्षरओळख नव्हती.
ती बोट वाचायची, मान हलवायची,
आणि साडेतीनची बस गाठायची.

एका वर्षी टेबलावर काहीतरी ठेवून गेली.
मुठीएवढं काचेचं वजन, हिरवट,
आत एकच बुडबुडा.
त्यांच्या शेवटच्या पाळीतला, एवढंच बोलली.
पक्षकाराकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही, हा नियम.
परत द्यायला ती थांबली नव्हती.
बाबू बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले.
मग जमा वस्तूंची वही ओढली:
काचेचं वजन, नग एक. आत हवा. दावा क्रमांक २०६.
आत हवा कशाला लिहिलंत?
वर्णन पुरं हवं, म्हणाले,
चष्मा पुसत राहिले, स्वच्छ होता तरी.

बाबू निवृत्त झाले. वह्या माझ्याकडे आल्या,
आणि मागोमाग परिपत्रक:
कंपन्यांची प्रकरणं यापुढे दुसरीकडे.
चालू फायली पाठवा. नोंदवह्या कायम जतन.
दाव्यांचे पुरावे, मुदत संपलेली, नष्ट.
मी सही केली. दुसरं काय करणार.
गोणीत शपथपत्रं गेली, त्यांवरचे अंगठे गेले,
हाराचाही गेला असणार, मी शोधला नाही.
वजनाचं काय करायचं, ते परिपत्रकात नाही.
ते आहे. पंखा लावला की उपयोगी पडतं.

यंदा हारा आली नाही.
नात आली, कॉलेजची, खांद्यावर सॅक.
आजीला आता जिना होत नाही.
फोटो काढू का पानाचा?
नक्कल हवी तर अर्ज, तिकीट, आठ दिवस,
मी सांगितलं. पाठच होतं मला.
तिने ऐकून घेतलं. मोबाईल खाली केला नाही.
तुम्ही बोट ठेवा ना त्यावर, म्हणाली,
नुसतं पान आजीला वाचता येत नाही.

दाराकडे पाहिलं. शिपाई चहाला गेलेला.
माझ्या नखात काळी शाई होती.